तुळशीरामभाऊंचा फिरता आहेर

आमच्या जानेफळात उन्हाळा लागला की लोक कूलरमध्ये पाणी भरतात. तुळशीरामभाऊंच्या घरी आधी कूलरमधली पुस्तकं काढावी लागतात. हिवाळ्यात कूलर रिकामाच असतो, मग एवढी चांगली पत्र्याची पेटी वाया कशाला घालवायची, असं भाऊंचं म्हणणं. दिवाणात पुस्तकं, माळ्यावर पुस्तकं, गव्हाच्या कोठीच्या मागं पुस्तकं. एकदा सत्यभामावहिनींनी डाळ काढायला पत्र्याचा डबा उघडला तर आत दिवाळी अंक निघाले. डाळ कुठं गेली ते पुढं कित्येक दिवस सापडलं नाही.

मी भाऊंचा शेजारी. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि दुकानाची एक भिंत भाऊंच्या घराला लागून आहे, त्यामुळं त्यांच्या घरातलं बोलणं मला ऐकायची गरज पडत नाही, ते आपोआप येतं. भाऊ एसटीत कंडक्टर होते. गाडी स्टँडवर थांबली की ड्रायव्हर चहा प्यायचा आणि भाऊ रद्दीच्या दुकानात शिरायचे. मेहकर, चिखली, खामगाव, जिथं म्हणून गाडी गेली तिथली पुस्तकं आज भाऊंच्या घरात आहेत. रिटायर झाल्यावर आता हा माणूस बसून वाचेल असं सगळ्यांना वाटलं. पण घरचं एकही पुस्तक भाऊ वाचत नाहीत. वाचतात ते फक्त वाचनालयाचं.

मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रवी, घरचं पुस्तक म्हंजे घरचं माणूस. ते कुठी जाते बे? आज नाही तर उद्या वाचता येते. वाचनालयाचं पुस्तक म्हंजे पाव्हणा. त्याले जायाचं असते. पहिले त्याच्याकडं पाहा लागते."

हे त्यांनी वहिनी चहा घेऊन उभ्या असताना सांगितलं. वहिनींनी कप जरा जोरातच ठेवला, एवढं मला आठवतं.

आमचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक लांबट खोली, आणि त्या खोलीचे मालक असल्यासारखे वागणारे ग्रंथपाल पुंजाजी. पुंजाजी कुणालाही पुस्तक देताना असा चेहरा करतात की जणू पोरगी सासरी चालली. भाऊ तिथले सगळ्यात जुने सभासद. पण एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं, त्यानं भाऊंचं भागेना. म्हणून एके काळी त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नावाची कार्डं काढली होती. मुलाच्या नावाचं, वहिनींच्या नावाचं, आणि स्वतःच्या वडिलांच्या नावाचंही, ज्यांना वारून तोवर बरीच वर्षं झाली होती. पुंजाजींना जेव्हा कळलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या नावावरचं पुस्तक आता तुमच्या वडिलांनीच आणून देलं पायजे." त्यानंतर कमिटीनं नियमच केला, एका चुलीला एकच कार्ड. वहिनींच्या नावाचं कार्ड होतं हे वहिनींना ते रद्द झाल्यावर कळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनींनी कूलर लावला. आत अजून पुस्तकं आहेत हे त्यांना सांगायचं भाऊ विसरले होते. थोड्या वेळानं वारा यायच्या ऐवजी खोलीभर ओल्या कागदाचा लगदा उडाला. पाहुणा म्हणून आलेला त्यांचा मुलगा दिवाणावर झोपला होता, त्याच्या गालाला एका कादंबरीचं शेवटचं पान चिकटलं. भाऊ धावत आले, आणि मुलाला उठवायच्या आधी त्यांनी ते पान वाचायला घेतलं.

दिवाळीला वहिनींनी बजावलं, "होळीच्या आत कूलर रिकामा पायजे. नाहीतर मी रद्दीवाल्याले बलावते."

भाऊंनी मग डोकं चालवलं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं लग्नांची रांग लागते, आणि प्रत्येक लग्नाला आहेर न्यावा लागतो. भाऊंनी ठरवलं, प्रत्येक आहेरात एक पुस्तक. कूलर रिकामा होईल, आणि पुस्तकं रद्दीत न जाता चार घरांत जातील. वरून चमकीचा कागद, कागदावर 'तुळशीराम, जानेफळ' अशी चिठ्ठी. बेत चांगलाच होता. फक्त भाऊ आपल्याकडची रीत विसरले.

आपल्याकडं आहेर उघडत नाहीत, फिरवतात. ह्या लग्नात आलेली साडी त्या बारशाला जाते, तिथून एखाद्या वास्तूला जाते, आणि नशीब असलं तर चार-सहा वर्षांनी आपल्याच घरी परत येते. पुडकं हाताला जेवढं जड तेवढं ते मोठ्या सोयऱ्यासाठी राखून ठेवतात. भाऊंची पुडकी जडच होती. त्यामुळं ती कुणी फोडली नाहीत, उलट मानानं पुढं पाठवली. भाऊ खूश होते, गाव वाचायला लागलं म्हणून.

होळी आठ दिवसांवर आली तेव्हा पुंजाजी भाऊंच्या दारात उभे राहिले.

"तुळशीरामभाऊ, तीन दिवसांनी पडताळणी आहे. सारे पुस्तकं कपाटात पायजेत. तुमच्याकडं ते जाडं हाय."

ते जाडं म्हणजे समुद्रप्रवासाचं एक जुनं पुस्तक. त्याचं कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पण वाचनालय सुरू झालं ते ह्याच पुस्तकानं, म्हणून पुंजाजींना ते देव्हाऱ्यातल्या देवासारखं. भाऊंचं ते एकदा वाचून झालं होतं, पुन्हा वाचायचं म्हणून परत करायचं राहिलं होतं.

"हाव, देतो नं," असं म्हणत भाऊ आत गेले. नेहमीच्या जागी, म्हणजे कूलरवर, ते नव्हतं. कूलरमध्ये नव्हतं. दिवाणात, माळ्यावर, कोठीमागं, कुठंच नव्हतं. मग भाऊ रिकाम्या हातांनी बाहेर आले. त्यांना आठवलं, गावातल्या कारभारीच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी घाईघाईत त्यांनी कूलरवरचं एक जाडं पुस्तक उचलून कागदात गुंडाळलं होतं.

पुंजाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुस्तक नाही तं कार्ड नाही. एका चुलीचं एकच कार्ड, ते गेलं का तुमची चूल वाचनालयातून उठली."

तुम्हाला हसू येईल. ज्याच्या घरात बसायला जागा नाही एवढी पुस्तकं, त्याचं एक कार्ड गेलं तर काय बिघडलं? पण त्या दिवशी मी भाऊंचा चेहरा पाहिला. कार्ड गेलं म्हणजे ह्या माणसाचं वाचनच संपणार होतं. मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणूनच मी म्हटलं की चला, मोटरसायकल काढतो.

निघताना वहिनी दारात आल्या. "कुठी चालले?"

"तुले नाही समजाचं. पुस्तकाचं काम आहे."

"सांगा तं खरं. समजलं तं समजलं."

"मंग सांगतो," म्हणत भाऊ मागं बसले. वहिनी माझ्याकडं पाहून गालातल्या गालात हसल्यासारख्या वाटल्या. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती, पण मी किक मारत होतो.

कारभारी खळ्यात सोंगून ठेवलेल्या हरभऱ्याच्या ढिगापाशी भेटला. भाऊंनी विचारलं, "कारभारी, पोरीच्या लग्नात मी आहेर देल्ता, फोडला का?"

"फोडतो कायले? भल्ला जड होता. आम्ही तो उंद्रीले वास्तूले देल्ला."

"कोणाच्या वास्तूले?"

"तुमच्याच साळीच्या! छायाबाईच्या. आमचं सोयरपण हाय नं. तुमी नव्हते का तिथी?"

भाऊ नव्हते. सख्ख्या मेहुणीच्या नव्या घराच्या वास्तूला त्यांनी वहिनींना एकट्यांनाच एसटीत बसवून दिलं होतं, कारण त्याच दिवशी मेहकरला पुस्तकांचं प्रदर्शन होतं. आता उंद्रीला कोणत्या तोंडानं जायचं, हा प्रश्न भाऊंनी मला विचारला. मी म्हटलं, ह्याच तोंडानं, दुसरं आणलं कुठं?

दुसऱ्या दिवशी उंद्रीला निघालो तेव्हा वहिनींनी गाडीला एक पिशवी अडकवली. कुरडया, पापड, तिळाची चटणी. "चाललेच आहात तं छायाले द्या." आम्ही उंद्रीला जाणार हे त्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न भाऊंना पडला नाही. मलाही पडला नाही, कारण चटणीचा वास फार चांगला होता.

छायाबाई दारातच उभी होती. "या भाऊजी. वास्तूले नाही आले, लेकराच्या बारशाले नाही आले. आता काऊन आले?"

"ते एक आहेराचं..."

"पहिले घर पाहा."

मग तिनं भाऊंना सगळं घर दाखवलं. एकेक खोली. खिडक्यांच्या जाळ्या, मोरीचा उतार, टाकीचा कॉक. मग जेवायला वाढलं, वरण-बट्टी. भाऊंनी तीनदा आहेराचा विषय काढला, आणि तीनही वेळा तिनं ताटात बट्टी टाकली. बट्टीवर तूप ओतलं. जेवण झालं, पान झालं, तिच्या सासऱ्यांशी कपाशीच्या भावाच्या गप्पा झाल्या, आणि मग ती म्हणाली, "तो जड आहेर? तो तं आम्ही शेगावले देल्ला. नणंदच्या पोराच्या साखरपुड्यात."

"मंग आल्याबरोबर सांगायचं नं!"

"आल्याबरोबर सांगतलं असतं तं तुमी बसले असते काय?"

निघताना छायाबाईनं त्यांच्या पाया पडून वर टॉवेल-टोपीचा मान केला, आणि टोपी घालून भाऊ गाडीवर बसले. वाटेत एकदम म्हणाले, "घर चांगलं बांधलं बे पोरीनं."

शेगावला गेलो तो पडताळणीचा आदला दिवस. छायाबाईच्या नणंदेचा नवरा, ज्ञानेश्वर, स्टेशनकडच्या रस्त्याला लॉज चालवतो. त्या दिवशी भक्तांची गर्दी, एकही खोली मोकळी नाही, आणि हा माणूस काउंटरवर घामाघूम. भाऊंना ओळखायलाच त्याला वेळ लागला, कारण भाऊ त्याच्या लग्नानंतर त्याला भेटलेच नव्हते. आहेराचं ऐकून त्यानं आतून पुडकं आणवलं.

"हे पाहा, ठेवलं आहे तसंच. व्याह्याच्या दुसऱ्या पोरीच्या लग्नाले द्याचं हाय, भारी पार्टी आहे. फोडू नका बरं."

भाऊ कुठले थांबतात? वरचा कागद फाडला तर खाली दुसरा कागद. तो फाडला तर खाली तिसरा. प्रत्येकानं आपापला कागद वरून चढवला होता आणि आपापली चिठ्ठी लावली होती. ज्ञानेश्वर, छाया, कारभारी. सगळ्यात शेवटी भाऊंचा स्वतःचा चमकीचा कागद आला. तो कागद फाडला आणि आतून निघालं घरगुती औषधांचं एक जाडजूड पुस्तक.

भाऊ ओरडले, "अरे! हे तं माझं आहे! खामगावले घेतलं होतं! मी इतके साल ढुंढून राह्यलो!"

त्यांचा आनंद एवढा खरा होता की ज्ञानेश्वरही हसला, काउंटरवरचे भक्तही हसले. भाऊंनी दोनचार पानं उलटली, खोकल्यावरचा काढा मला वाचून दाखवला. मग त्यांच्या लक्षात आलं. ते काउंटरशेजारच्या बाकड्यावर बसले. "मंग ते कुठी गेलं, रवी?"

ज्ञानेश्वरनं ते औषधांचं पुस्तक त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि नव्या कागदात बांधायला आत पाठवून दिलं, कारण भारी पार्टीला द्यायला दुसरं काही जड नव्हतं. आम्ही मंदिरात जाऊन दर्शन घेतलं. भाऊंनी बराच वेळ हात जोडले. परत येताना वाटेत ते फक्त एवढंच बोलले, की चाळीस वर्षं लोकांना तिकीट फाडून दिलं, आता आपलं तिकीट कटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वच्छ सदरा घालून वाचनालयात गेले. मी सोबत होतो. पुंजाजींनी टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे लावले होते. भाऊंनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडा झिजलेलं, मधोमध दोनदा चिकटवलेलं कार्ड. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. पुंजाजी कठोर माणूस, पण त्यांनीही लगेच हात लावला नाही.

तेवढ्यात दारातून सत्यभामावहिनी आत आल्या. हातात भाजीची पिशवी. पिशवीतून मेथीची जुडी बाजूला केली आणि खालून ते जाडं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्यात खूण म्हणून चुलीजवळच्या काडेपेटीचा कागद घातलेला होता, अगदी शेवटच्या पानांशी.

भाऊंनी आ वासला. "हे कुठी सापडलं?"

"हारपलंच नव्हतं. लग्नाच्या रोजी तुमी कागदात गुंडाळून चिकटपट्टी आणाले गेले, तवा मी काढून घेतलं अन् त्यात ते औषधाचं कोंबलं."

"काऊन?"

"माझं वाचून व्हायचं होतं. त्या जहाजाचं काय झालं ते समजल्याबगर कशी जाऊ देऊ? तुमी दुपारी झोपता तवा मी वाचत होती. काल संध्याकाळी झालं."

"अवं पण मंग सांगायचं नं! मी कारभारीकडं गेलो, उंद्रीले गेलो, शेगावले गेलो..."

"हाव. साऱ्या दुनियेले इच्यारून आले," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घरात मी होती. मले एकदा तरी इच्यारलं काय?"

पुंजाजींनी उगाच एक गठ्ठा सरळ केला. भाऊ वहिनींकडं पाहत राहिले, आणि मला ते घरच्या माणसाबद्दलचं त्यांचं बोलणं आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

"आता राह्यलं कार्डाचं," वहिनी पुंजाजींकडं वळल्या. "पुस्तक आलं, तं कार्ड ठेवता का नाही?"

"ठेवतो नं."

"मंग ते माझ्या नावानं करा. मांगच्या वेळी माझ्या नावाचं होतं, तं मलेच मालूम नव्हतं."

पुंजाजींनी भाऊंकडं पाहिलं. "तुळशीरामभाऊ, नियम तुमच्यामुळंच झाला आहे. एका चुलीले एक. कोणाचं नाव लिहू?"

भाऊंनी ते झिजलेलं कार्ड हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. मला वाटलं आता हे काहीतरी युक्ती काढतील, दोन चुली दाखवतील, वडिलांचं नाव पुन्हा पुढं करतील. तसं त्यांच्या तोंडावर आलंही होतं, मी शपथेवर सांगतो. पण त्यांनी कार्ड वहिनींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "लिहा. सत्यभामाबाई तुळशीराम."

"तुळशीराम कायले लागते त्यात," असं वहिनी म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या.

ह्याला आता महिनाभर होऊन गेला. कूलर रिकामा झाला, त्यात पाणी भरलं, तो सुरूही झाला. त्यातली पुस्तकं आता ओट्यावर आहेत, आणि कार्ड नसल्यामुळं भाऊंना नाइलाजानं घरचीच पुस्तकं वाचावी लागतात. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसतात. वहिनींच्या हातात वाचनालयाचं पुस्तक, भाऊंच्या हातात खामगावच्या रद्दीतलं. त्या आपलं पुस्तक त्यांना देत नाहीत, वाचून झालं की थेट पुंजाजींकडं नेऊन देतात. भाऊ थोडा वेळ तग धरतात, मग त्यांची मान हळूहळू शेजारच्या पानाकडं वळते. वहिनी पुस्तक मिटतात.

काल दुकान बंद करताना भिंतीपलीकडून मला भाऊंचा आवाज आला, अगदी हळू.

"सत्यभामा, पुढं काय झालं वं?"

"इच्यारलं काय तुमी?"

"इच्यारलं."

"मंग बसा इकडं, सांगते."